लिंबू जमलं, मग आठ चित्रं का अडली?

एका वाचक भगिनीचं पत्र थोडक्यात असं : पेन्सिल आणि जलरंगांचा हात लहानपणापासून आहे. वर्षभरापूर्वी तैलरंग घेतले. चित्रासाठी फक्त रविवारची सकाळ मिळते, तीनेक तास. टेबलावर वस्तू मांडायच्या, सुरईपासून सुरुवात करायची, ती मनासारखी झाली की पुढच्या वस्तूकडे वळायचं, अशी त्यांची पद्धत. पण दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपर्यंत पेअर सुरकुततात, ऊन बदलतं, रंगांचा चिखल होतो आणि चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. अशी आठ चित्रं साठली आहेत. एक मैत्रीण म्हणते, फोटोवरून रंगव. त्यांना ती लबाडी वाटते. आधी आराखडा केला तर चित्र निर्जीव होईल, अशीही भीती आहे. आता त्या विचारतात : उंची रंग घ्यावेत का, ॲक्रिलिककडे वळावं का, की तैलरंग आपल्याला जमणार नाहीत असं समजून नाद सोडावा? आणि त्या आठ कॅनव्हासचं काय करावं? शेवटी कंसात त्यांनी लिहिलंय, की एकदा पॅलेटवर उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून चाळीस मिनिटांत एक लिंबू रंगवलं. बरं उतरलं, ‘पण ते काही चित्र नव्हे.’

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटलेलं वाक्य तुम्ही कंसात टाकून दिलंय. ज्या हाताला तैलरंग झेपत नाहीत, त्या हातून चाळीस मिनिटांत लिंबू उतरत नाही. पिवळा तसा नाजूक रंग. सावलीत नेताना त्यात जरासा काळा पडला की तो हिरवट होऊन बसतो. तुम्ही तो सांभाळलात. तेव्हा हाताबद्दलची शंका बाजूला ठेवू आणि त्या सकाळी काय वेगळं होतं ते बघू.

वस्तू एकच होती. चाळीस मिनिटांत उजेड फारसा सरकला नाही. पॅलेटवर उरलं होतं त्यातच भागवायचं होतं, म्हणजे रंगही मोजकेच. लिंबू कुठे ठेवायचं, किती मोठं काढायचं, मागे काय दाखवायचं, हे प्रश्न एक तर पडलेच नाहीत किंवा परिस्थितीनं परस्पर सोडवून टाकले. तुम्हाला फक्त बघायचं आणि रंगवायचं उरलं. त्या आठ चित्रांत मात्र हेच सगळे निर्णय तुम्ही ब्रश हातात घेऊन, ओल्या रंगावर, सरकत्या उन्हात घेत होता. सुरई झाल्यावर ठरवायचं की पेअर कुठे येणार. पेअर झाल्यावर ठरवायचं की मागचं कापड गडद हवं की उजळ. अशा वेळी कुणाच्याही हातून चिखलच होईल.

निसर्गचित्र काढणाऱ्याला ढग हलवता येत नाही. व्यक्तिचित्रासाठी बसलेला माणूस अवघडतो, मान वळवतो. स्थिरचित्र काढणाऱ्याला तेवढी समोरची अख्खी दुनिया स्वतःच्या हातानं मांडायची मुभा असते. तुमच्या पत्रात ‘वस्तू मांडते’ एवढं अर्धं वाक्य मांडणीला मिळालंय आणि पानभर मजकूर रंगांच्या तक्रारीला. माझ्या मते तुमचा घोळ या प्रमाणात आहे.

सांचेझ कोतान या स्पॅनिश चित्रकाराचं १६०२ च्या सुमाराचं एक चित्र आहे. खिडकीसारख्या दगडी चौकटीत एक फळ आणि एक कोबी दोऱ्यांना लटकलेले, खाली कठड्यावर कापलेलं खरबूज आणि काकडी, मागे मिट्ट काळोख. वस्तू चारच, पण डावीकडून वरून नजर सुटते ती एका वळणानं खाली घसरत उजवीकडे, कठड्याबाहेर डोकावणाऱ्या काकडीपर्यंत येते. ते वळण दोऱ्यांची लांबी ठरवताना आलंय. फ्रेंच चित्रकार सेझानला तर फळांखाली नाणी सरकवून ती हव्या त्या कोनात बसवताना एका तरुण चित्रकारानं पाहिलं होतं. तो इतका सावकाश काम करायचा की फळं सडायची आणि फुलांच्या जागी कागदी फुलं आणावी लागायची. म्हणजे तुमचे पेअर सुरकुतले यात नवल काही नाही.

‘आराखडा केला की चित्र मरतं’ ही समजूत मी खूप ठिकाणी ऐकलीय. तिच्यामागे बहुधा व्हॅन गॉगसारख्यांची उदाहरणं असतात. त्यानं सूर्यफुलं झपाट्यानं रंगवली हे खरं आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये तो पहाटेपासून कामाला लागायचा, कारण फुलं लवकर कोमेजायची. पण पिवळ्याला निळ्याची जोड द्यायची, स्टुडिओ सजवायला अशा चित्रांची मालिका करायची, हा बेत त्यानं पत्रांतून आधीच मांडला होता. आणि जानेवारी १८८९ मध्ये, फुलं मिळण्याचा प्रश्नच नव्हता तेव्हा, त्यानं आपल्याच चित्रांवरून ती सूर्यफुलं पुन्हा रंगवली. ती चित्रं कुणाला निर्जीव वाटत नाहीत. हात मोकळा सुटायचा असेल तर डोकं आधी मोकळं झालेलं असावं लागतं, असा माझा तरी अनुभव आहे.

आता रंगांच्या प्रतीबद्दल. शिकाऊ प्रतीच्या रंगात रंगद्रव्य कमी आणि भरणा जास्त असतो, त्यामुळे पांढरा मिसळला की ते लवकर फिके पडतात. जमेल तेव्हा निदान पांढरा तरी चांगला घ्या, तो सगळ्यांत जास्त लागतो. पण चिखलाचं खापर ट्यूबवर फोडू नका. शेव्हरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबलँ इथल्या भित्तिपट विणण्याच्या कारखान्यात रंगाई बघायचा. त्याच्याकडे तक्रार आली की काळा धागा हवा तितका काळा दिसत नाही. त्यानं तपासलं, तर रंगात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे काळा मलूल दिसत होता. त्यातून त्यानं १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधावर अख्खा ग्रंथ लिहिला.

तुमची सुरई याच सापळ्यात अडकते. पांढऱ्या कोऱ्या कॅनव्हासवर तुम्ही ती एकटी रंगवता. पांढऱ्याशेजारी कुठलाही रंग असतो त्यापेक्षा गडद वाटतो, म्हणून नकळत तुम्ही ती उजळ करता. दोन आठवड्यांनी मागे गडद कापड येतं आणि सुरई एकदम पिठूळ, चिकटवल्यासारखी दिसायला लागते. मग दुरुस्ती, दुरुस्तीवर दुरुस्ती, आणि शेवटी तो राखाडी लगदा. एक वस्तू संपवून दुसरी घ्यायची सवय जलरंगात आणि पेन्सिलीत कदाचित चालून गेली असेल. तैलरंगात सगळं चित्र एकदम वर यावं लागतं, भांड्यात पाणी चढतं तसं.

यावर साधा उपाय म्हणजे कॅनव्हास पांढरा ठेवायचाच नाही. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासा आणि चिंधीनं पुसून घ्या. मध्यम तपकिरी पाया मिळतो. त्यावर उजळ आणि गडद दोन्ही लगेच ओळखू येतात.

ॲक्रिलिक पातळ थरात मिनिटांत सुकतं, म्हणून पेअर टिकतील असं तुम्हाला वाटतंय. पण बदलतं ऊन आणि चुकलेला टोन, म्हणजे रंगाचा गडद-उजळपणा, ॲक्रिलिकमध्येही तसाच राहतो. उलट ओल्यात ओलं मिसळून कडा विरघळवण्याची जी सोय तैलरंगात आहे, ती जाते. हवं तर तो तपकिरी पाया ॲक्रिलिकचा द्या, लगेच काम सुरू करता येईल. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र कधीच नको, धरत नाही.

फोटो ही लबाडी आहे का? मला तसं वाटत नाही, पण मैत्रिणीचा सल्ला मी जसाच्या तसा घेणार नाही. कॅमेरा एका डोळ्यानं बघतो. सावल्या काळ्याकुट्ट करतो, नाहीतर उजेड पांढराफटक. सावलीच्या पोटात जो परावर्तित उजेड असतो, पेअरच्या बुडाशी कापडाचा रंग चढलेला असतो, ते नेमकं फोटोत मरतं. आणि स्थिरचित्राची खरी मजा तिथेच असते. म्हणून फोटो नोंदवहीसारखा वापरा. मांडणीचा एक फोटो काढून तो कृष्णधवल करा आणि चित्राचा फोटोही तसाच करून शेजारी ठेवा. टोन कुठे चुकलाय ते पाच सेकंदांत कळतं. फळ खराब झालं तर त्याच्या आकारासाठी फोटो बघा, रंगासाठी मात्र पहिल्याच दिवशी हाताएवढ्या तुकड्यावर अर्ध्या तासात त्या फळाचा रंगीत अभ्यास करून ठेवा. जुने डच चित्रकार एकाच फुलदाणीत वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं दाखवायचे ती अशाच अभ्यासांच्या जोरावर. व्हान हायसमसारखा एखादा मात्र हट्टी निघायचा. पिवळा गुलाब पुढच्या वर्षी फुलेपर्यंत चित्र पुरं होणार नाही, असं त्यानं गिऱ्हाइकाला कळवलं होतं.

नाहीतर सरळ न सुकणाऱ्या वस्तू घ्या. इटलीचा चित्रकार मोरांदी जन्मभर बाटल्या, डबे आणि फुलदाण्या रंगवत राहिला. त्यांच्यावर साचलेली धूळही तो पुसायचा नाही.

आता पुढचं. माझा आग्रह आहे की महिना-दोन महिने मोठा कॅनव्हास काढूच नका. १५ × २० सेंटिमीटरच्या फळ्या किंवा जाड पुठ्ठे जेसो (रंगाखालचा पांढरा लेप) लावून तयार ठेवा आणि दर रविवारी एका बैठकीत एक चित्र संपवा. एक वस्तू, फार तर दोन. तुमच्या तीन तासांच्या सकाळीला हा साचा अगदी बसतो, आणि लिंबानं सिद्ध केलंय की तुम्हाला तो जमतो. तीन तासांतला पहिला एक तास मात्र ब्रशला हात लावायचा नाही.

त्या तासात काय करायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेक जण घाई करतात. आधी उजेड. थेट ऊन न येणारी खिडकी असेल तर उत्तम, उजेड तासन्‌तास तसाच राहतो. नसेल तर पडदा ओढून एकच दिवा एका बाजूनं, वस्तूंच्या थोडा वरून लावा. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना खातात आणि वस्तूंची गोलाई जाते. वस्तूंवरचा दिवा कॅनव्हासवर पडू देऊ नका. कॅनव्हाससाठी पांढरा, ५००० केल्विनच्या आसपासचा वेगळा दिवा ठेवा, नाहीतर पिवळ्या उजेडात कालवलेला रंग दिवसा भलताच निघतो. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवून आत मांडणी केली तर खोलीतला इतर उजेड अडतो आणि पार्श्वभूमीही आयती मिळते.

मग वस्तू. एक उंच, एक बुटकी, एक खरखरीत, एक चकचकीत असं काहीतरी नातं असू द्या. कडेला कड टेकून बसलेल्या दोन वस्तू फार वाईट दिसतात. एक तर त्या एकमेकींआड जाऊ द्या, नाहीतर मध्ये मोकळी जागा ठेवा. त्या मोकळ्या जागांचे आकार बघायची सवय लावून घ्या, वस्तूंपेक्षा ते जास्त खरं बोलतात. काढून टाकायलाही कचरू नका. मी एकदा एका हिरव्या बाटलीवर तीन आठवडे घालवले. तिचा काच-काचपणा आणायला जिवाचं रान केलं आणि शेवटी लक्षात आलं की बाटली त्या चित्रात नकोच होती. आधी पाच मिनिटं ती उचलून बघितली असती तर?

कॅनव्हासच्याच प्रमाणात पुठ्ठ्यात चौकट कापा आणि तिच्यातून मांडणी बघा, जवळ-लांब धरून. मग आगपेटीएवढे चार-पाच कच्चे आराखडे. त्यात रेघ नको, तपशील नको, फक्त तीन टोन : गडद, मधला, उजळ. डोळे बारीक केले की समोरचा पसारा आपोआप या तिनांत वाटला जातो. आगपेटीएवढ्या आकारात जे चित्र उठत नाही, ते मोठ्या कॅनव्हासवरही उठत नाही, हे मात्र अगदी पक्कं. यातला एक आराखडा निवडला की तो ईझलवर टाचून ठेवा. मधेच रंगांनी भुरळ घातली तर तो तुम्हाला ताळ्यावर आणेल.

रंग पाच-सहाच काढा : पांढरा, पिवळा ऑकर, एक तेजस्वी पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट अंबर. अल्ट्रामरीन आणि अंबर मिळून काळ्याला पुरून उरेल असा गडद रंग होतो, शिवाय तो थंड-उष्ण हवा तसा झुकवता येतो. स्वीडनचा आंडर्स झोर्न तर पांढरा, पिवळा ऑकर, शेंदरी लाल आणि काळा या चारांवर किती पल्ला गाठायचा! प्रत्येक वस्तूचा उजेडातला आणि सावलीतला रंग आधी पॅलेटवर कालवून ठेवा. पॅलेट नाइफनं कालवा, ब्रशनं नको, आणि उजेडाला वेगळा ब्रश, सावलीला वेगळा. निम्मा चिखल एवढ्यानंच थांबतो.

दोन महिन्यांनी मोठं चित्र घ्यावंसं वाटेल, तेव्हा चार रविवारांचा हिशेब धरा. पहिल्या रविवारी फक्त मांडणी, आराखडे आणि फळांचे रंगीत अभ्यास. दुसऱ्या रविवारी पातळ अंबरनं अख्ख्या चित्रातला छायाप्रकाश, एकाच रंगात. इथे तैलरंगाचा स्वभाव तुमच्या मदतीला येतो. तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, पाण्यासारखं उडून जात नाही. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो थर भराभर वाळतो आणि पुढच्या रविवारपर्यंत काम करण्याजोगा होतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा किंवा ॲलिझरिन हा गडद लाल त्या जागी वापरलात तर ताटकळत बसाल. तिसऱ्या रविवारी रंग, सगळीकडे, पार्श्वभूमीसह. चौथ्या रविवारी कडा आणि चमक. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा नियम मोडू नका. खालचा तेलकट थर वाळायच्या आत वरचा कडक झाला की पुढे भेगा पडतात.

एवढ्या रविवारांत मांडणी हलू नये म्हणून प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूची खूण करा. तुमच्या पायांपाशीही जमिनीवर चिकटपट्टी लावा. एका रविवारी बसून आणि दुसऱ्या रविवारी उभं राहून रंगवलंत तर सुरईच्या तोंडाचा लंबगोल बदलतो, आणि मग तास न्‌ तास ‘चुकतंय कुठे’ हे कळत नाही. लंबगोल नीट आलाय का ते आरशात बघा, उलट्या प्रतिमेत चूक लगेच टोचते.

चमकेचा मोह शेवटपर्यंत आवरा. काचेवरची किंवा चकाकी दिलेल्या मातीवरची चमक उजेडाच्या रंगाची असते, खिडकी निळसर तर ती निळसर. तांब्यापितळेची चमक मात्र धातूचा रंग घेऊन येते. शुद्ध पांढरा ठिपका दोन्हीकडे ठेवलात तर वस्तू प्लॅस्टिकची दिसेल. कडांचंही तसंच. प्रत्येक वस्तूची पूर्ण बाह्यरेषा धारदार ठेवू नका. सावलीतली कड मागच्या गडदात हरवू द्या.

चिंध्यांबद्दल एक सांगायलाच हवं. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढिगात टाकल्या तर वाळता वाळता त्या तापतात आणि आपणहून पेट घेऊ शकतात. ही अतिशयोक्ती नाही. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. टर्पेंटाइन उघडं असताना खिडकीही उघडी.

राहिले ते आठ कॅनव्हास. त्यांच्यावर पांढरा ॲक्रिलिक जेसो फासायचा विचार असेल तर नको, कारण वर सांगितलंच. ज्यांच्यावर रंगाचे जाड उंचवटे आहेत ते बाजूला ठेवा, खालच्या रेषा नव्या चित्रातून डोकावत राहतील. उंचवटे घासायचे तर कोरडे घासू नका, ती धूळ छातीत जायला नको. पातळ रंगाचे, पूर्ण वाळलेले जे असतील त्यांच्यावर तैलरंगाचाच मध्यम तपकिरी थर देऊन नवं चित्र सुरू करता येईल. या पुढे चित्र ओलं असतानाच बिघडलं, तर हेन्री टाँक्स नावाच्या इंग्रज चित्रशिक्षकाची युक्ती करा. वर्तमानपत्राचा कागद ओल्या रंगावर दाबून अलगद ओढायचा. वरचा लगदा निघून येतो आणि खाली पुसट चित्र उरतं. कित्येकदा ते मूळ चित्रापेक्षा चांगलं असतं.

आणि त्या लिंबाच्या मागे तारीख घालून ते ईझलच्या वर, समोर दिसेल असं लावा. सहाएक महिने वाळू द्या, मग वार्निश करा.